तेवढं सोडून सगळं परत आलं

आमच्याकडे चिंचणीला मासळी द्यायला जवळच्या दांडी गावची एक बाई यायची. टोपली ओट्यावर उतरवायची, माझ्या सासूशी भावावरून भांडायची आणि चहा पिऊन पुढच्या घरी जायची. तिच्या नवऱ्यानं बोटीवर जाणं सोडलं होतं आणि तो बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागला होता. माझं बोईसरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे, आणि त्या कारखान्याच्या ऑफिसातल्या मशीनची देखभाल माझ्याकडे होती. गेटवर भेटला की तो हात वर करायचा. एवढीच ओळख.

एका दुपारी त्याच्या शेडमध्ये पाइपच्या जोडातून अ‍ॅसिड उडालं. त्याच्या चेहऱ्याची एक बाजू भाजली, डावा डोळा गेला. कुणीतरी घाबरून शेडची वीज तोडली. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्रही त्याच विजेवर होतं. ते जे बंद पडलं ते पुन्हा नीट सुरू झालंच नाही.

त्याचं म्हणणं होतं की सुपरवायझर शेजारी उभा होता आणि पाइपलाइन रिकामी न करताच जोड खोल, असं त्यानंच सांगितलं. सुपरवायझर म्हणत होता, मी तिथं नव्हतोच. शेडमध्ये तिसरं माणूस नव्हतं. कॅमेरा तेवढा होता.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा करार कधीच संपला होता. कपाटाएवढ्या सांगाड्यात डिस्कच्या रांगा होत्या, सगळ्या मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारख्या चालणाऱ्या. मी एकेक तपासली. डिस्क धडधाकट होत्या. मोडली होती ती फाइलसिस्टिम, म्हणजे कुठल्या कॅमेऱ्याचं कुठल्या वेळचं चित्र नेमकं कुठं ठेवलंय हे जिच्यावरून कळतं ती मांडणी.

"दुरुस्तीची कमांड असते ना? देऊन टाका," साहेब म्हणाले.

"असते सर. पण मूळ डिस्कवर चालवली आणि बिघडलं, तर मागे फिरता येत नाही. आधी सगळ्याची प्रत काढायला हवी. त्याला काही दिवस लागतील."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "सावकाश करा मॅडम. घाई काहीच नाही." सकाळपासून दर अर्ध्या तासानं फोन करणारा हाच माणूस होता.

मी रिकाम्या डिस्क मागवल्या आणि प्रत काढायला घेतली. त्या गार खोलीत नुसतं बसून आकडा पुढे सरकताना बघायचं, एवढंच काम. रोज सकाळी आत जाताना आणि संध्याकाळी निघताना गेटसमोरच्या टपरीपाशी मासळीवाली बसलेली दिसायची. पहिल्या दिवशी ती उठून उभी राहिली.

"ताय, तू हायस आत? मग बरा झाला," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरंच सुटल्यासारखं दिसलं. "त्याच्यात समदा दिसंल ना?"

"बघतेय. अजून काही सांगता येत नाही."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "येवढे दिवस काय करता तुमी आत?" मी प्रत काढण्याचं सांगू लागले. सांगता सांगता मलाच ते कुणीतरी शिकवून पाठवल्यासारखं वाटायला लागलं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आप अंदर जाइए." मी आत गेले.

प्रत झाल्यावर मी आधी काही न बदलता नुसती तपासणी चालवली. चुकांची रांग पडद्यावर वर सरकत गेली. त्यातल्या बहुतेक दुरुस्त होण्यासारख्या होत्या. अडलं ते एकाच ठिकाणी. फाइलसिस्टिममध्ये अगदी शेवटचे बदल आधी एका बाजूला टिपून ठेवले जातात आणि मग मूळ मांडणीत उतरवले जातात. मध्येच वीज गेली, तर त्या टिपणावरून राहिलेलं काम पुरं करता येतं. इथं ते टिपणच अर्धवट लिहिलं गेलं होतं. सगळ्या डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावर वीज गेली तरी टिपण पुरं व्हावं म्हणून एक छोटी बॅटरी असते. ती फुगून मेली होती. केव्हा, कुणालाच माहीत नव्हतं. इशाऱ्याचा नारिंगी दिवा बिचारा किती महिने लागून होता कोण जाणे.

प्रोग्रॅम सांगत होता की हे टिपण पुसून टाकलं तर बाकीचं दुरुस्त होईल, पण त्यात जे होतं ते जाईल. आणि त्यात नोंद होती ती नेमकी वीज जाण्याआधीच्या काही मिनिटांची. मला दुसरं काहीच नको होतं.

मी थांबले. आणखी एक प्रत काढली आणि माहीत होते तेवढे सगळे मार्ग तिच्यावर करून बघितले. पुण्याला माझा एक जुना सहकारी आहे, या कामात माझ्यापेक्षा मुरलेला. त्याला व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवला. त्यानं चुकांची रांग वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, "पूस. दुसरा रस्ता नाही." प्रतीवर मी ते पुसलं.

सगळं परत आलं. महिनोन्‌महिन्यांचं रेकॉर्डिंग. शेडमध्ये फिरणारं कुत्रं, पाळी बदलताना डबे उचलणारी माणसं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून लावलेली गोणपाटं. त्या दुपारचंही आलं, मासळीवालीचा नवरा जोडाकडे चालत जाईपर्यंत. पुढे काही नाही.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी खुर्ची मागे घेतली. "छान काम केलंत," ते म्हणाले.

"सर, मी काही घालवलेलं नाही. ते शाबूत राहिलंच नव्हतं."

"मी कुठं काय म्हणतोय?" असं म्हणून ते हसले. मला लख्ख कळलं की या माणसाला वाटतंय, मी त्याच्यासाठीच हे केलं. मी अहवालात बॅटरीचं लिहिलं, दिव्याचं लिहिलं, काय केलं आणि का केलं तेही लिहिलं. ते हसू काही त्यानं पुसलं जाणार नव्हतं.

मग मी हट्टालाच पेटले. मांडणी गेली तरी चित्राचे सुटे तुकडे डिस्कवर कुठंतरी पडून असू शकतात. दुकानात प्रत लावून मी ते शोधत बसले. शेवटी काही सेकंद मिळाले. त्याची पाठ दिसते, वाफ दिसते, आणि चित्राच्या कडेला पाइपावर टेकलेला रबरी हातमोज्यातला एक हात. त्याचे स्वतःचे हात कुठं आहेत ते पाठीमुळे दिसत नाही. तो हात त्याचाही असू शकतो, दुसऱ्याचाही. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना मी तो तुकडा दिला. त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाले, "यावरून काही ठरत नाही." ते खोटं बोलत नव्हते.

कंपनीनं उपचारांचा खर्च केला. कामगाराची नजरचूक, असा शेरा पडला. सुपरवायझरची गुजरातेत बदली झाली. दांडीत बोललं जाऊ लागलं की चिंचणीच्या त्या बाईनं पुसून दिलं. मासळीवाली आमच्या दारावरून सरळ पुढे जाऊ लागली. सासू एकदा ओट्यावरून हाक मारत राहिली, तिनं मान वळवली नाही.

थोड्याच दिवसांत कारखान्याकडून दोन्ही प्लांटच्या देखभालीचा करार माझ्याकडे आला. मी नाही म्हणून कळवलं. नवरा म्हणाला, "का?"

"घेतला तर लोकांना वाटेल, ते खरंच होतं."

"लोकांना ते आत्ताही वाटतंच आहे," तो म्हणाला. रागानं नाही, नुसतं म्हणाला.

पावसाळा संपल्यावर मी दांडीला गेले. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. मासळीवालीचा नवरा घरापुढे जाळं दुरुस्त करत बसला होता. मान वाकडी करून एका डोळ्यानं गाठ मारत होता. मी फोनवर तो तुकडा दाखवला. त्यानं फोन अगदी जवळ धरला आणि पुन्हा पुन्हा बघितला.

"हा हात माझा बी असंल," तो हळूच म्हणाला. "तो होता, ह्या मी सगल्यांना सांगतो. पन येवढ्या वेला सांगितला, आता आठवतां का नुसता बोलतां, माझा मलाच समजत नाय."

ती दारातून पुढे आली. "असा काय बोलता? त्याचाच हात हाय." मग माझ्याकडे वळली. "ताय, तू तसा लिवून दे. तू मशीनवाली, तुझा ऐकतील."

"मला त्यात तेवढं दिसत नाही गं."

"तुला नाय दिसत, आन ह्यांना बी नाय दिसत." तिनं फोन माझ्या हातात दिला. "तू खरी असशील. आमाला तेचा काय?"

मी लिहून दिलं नाही. ती परत आमच्याकडे आली नाही. सासू आता नाक्यावरून मासळी आणवते आणि ताजी नसल्याची तक्रार करते. प्रतीच्या त्या डिस्क दुकानातल्या वरच्या फळीवर आहेत. मध्ये दुसऱ्या कामाला डिस्क कमी पडल्या, पण त्या पुसायला हात धजला नाही. दुरुस्तीचा नवा एखादा प्रोग्रॅम आल्याचं कानावर आलं की मी त्या खाली काढते, जोडते आणि पुन्हा त्या दुपारपाशी जाऊन बसते. अजून त्यापलीकडे गेलेले नाही.