आजोबांच्या दोन सीटच्या गाडीबद्दल

मुलांनो, आजोबांच्या गाडीबद्दल आजीचं मत काय, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. आता नीट सांगते.

गाडी लाल आहे, बुटकी आहे, तिला छप्पर नाही आणि सीट दोनच आहेत. दिसते माझ्या वडिलांच्या तरुणपणीच्या विलायती गाड्यांसारखी: गोल डोळे, लांब नाक, फुगीर मडगार्ड. पण इंजिन साध्या घरगुती गाडीचं आणि अंग फायबरचं. टिचकी मारली तर बादलीसारखं वाजतं. कुठल्याशा लहान कंपनीने थोड्या गाड्या केल्या आणि ती बंद पडली. नागपूरच्या मेकॅनिकलासुद्धा तिचं नाव ठाऊक नव्हतं. जुनी वस्तू जुनी दिसते यात तिचा दोष नाही. पण नवी असून जुन्याचं सोंग घेणारी वस्तू मला आवडत नाही. डिकीत धड एक पिशवी मावत नाही. आणि इतकी खाली, की साडी नेसलेल्या बाईने आधी बसकण मारायची, मग एकेक पाय आत ओढून घ्यायचा. माझ्या वयाला हे शोभत नाही.

आमच्या साकोलीत बसस्टँडसमोर गाडी हळू झाली की पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहतात. एकाने तर विचारलंच, "काकाजी, हे गाडी होय का तान्ह्या पोळ्याचा नंदी?" म्हणजे पोरं दोरीने ओढतात तो चाकांवरचा लाकडी बैल. आजोबा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मी पर्स उघडून आत काहीतरी शोधत राहिले. आत शोधण्यासारखं काही नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात कोंढ्याला आजोबांच्या पुतण्याने नवं घर बांधलं. वास्तूच्या दिवशी घराण्यातलं थोरलं जोडपं कलश घेऊन आधी आत जातं. तो मान आमचा. मी रेशमी साडी नेसले, अनारशांचा डबा मांडीवर घेतला आणि निघालो. गाव दिसू लागलं तसं माझं मन आकसत गेलं. तलावाच्या पाळीजवळ मी म्हणाले, "मला इथेच उतरवा. मी चालत येते."

"काहून?"

"लोक बघतील."

डबा माझ्या हातून घेऊन आजोबांनी शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी सावकाश पुढे नेली.

मी पोचले तर दारासमोर रांगोळी, रांगोळीवर गाडी, गाडीला झेंडूची माळ. आत आजोबा एकटेच स्टिअरिंग धरून बसलेले, शेजारी अनारशांचा डबा. पुतण्याची बायको आरतीचं ताट घेऊन थांबलेली. दारी पहिल्यांदा आलेल्या गाडीला आपल्याकडे ओवाळतात, आणि जोडप्याला आत बसवून ओवाळतात. ही रीत मला ठाऊक होती. पण आमच्या गाडीला मी कधी गाडी मानलंच नव्हतं, म्हणून आठवली नाही.

"आली वं एकदाची!" शेजारची म्हातारी ओरडली. "भांडली का बुढ्यासंग?"

मी तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणाले, "नाही जी. गाडीच गरम झाली. धूर सोडून राहिली होती, म्हणून मीच उतरवलं तिले."

मुलांनो, हा माणूस एरवी थट्टेला हसेल, पण त्या गाडीत खोट आहे असा एक शब्द ऐकून घेत नाही.

"मंग कायची गाडी ते!" म्हातारी म्हणाली. "बाईमाणसाले रस्त्यात टाकते! विका जी, विकून टाका." सगळे हसले. आजोबाही हसले, आणि म्हणाले, "पाहू. विकूनच टाकतो."

ते खरंच विकतील, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

"गाडीला काही झालं नव्हतं," मी म्हणाले. "मीच उतरले. तिच्यात बसून गावात यायची मला लाज वाटली."

हसणं थांबलं. मग म्हातारीनेच विचारलं, "लाज कायची वं? गाडीची का बुढ्याची?"

पुन्हा हशा पिकला. आजोबा स्टिअरिंगमागचे वेगाचे, पेट्रोलचे काटे बघत होते. गाडी बंद होती. काटे सगळे शून्यावर होते.

"बसा न काकूजी, निरांजन विझून राहिलं," पुतण्याची बायको हळूच म्हणाली. मी डबा उचलला, साऱ्या गल्लीसमोर आधी बसकण मारली, मग एकेक पाय आत ओढला. त्याला मात्र कोणी हसलं नाही. कुंकू लागलं, आरती झाली, कलश घेऊन आम्ही घरात गेलो. आजोबांनी माझ्या चालीने पावलं टाकली. माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना साकोलीत बसस्टँडच्या अलीकडे त्यांनी गाडी हळू केली. "इथे उतरतेस?" त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते, आणि तेच मला सोसवेना.

"नको," मी म्हणाले. "चला."

पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. मी पर्स उघडली नाही.