रविवारचा मोंढा

शाळेमागच्या शेतात हळद शिजत होती. तो उग्र, मातकट, ओलसर वास खिडकीतून सरळ वर्गात शिरला आणि बापावरच्या कवितेतले अलंकार फळ्यावर लिहिता लिहिता मी थबकले. ही कविता मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी तिच्याकडे जरा तिरक्या नजरेनंच बघते. बापाला वडाची उपमा, छपराचं रूपक, त्याच्या मुक्या मायेवर जुळवलेली यमकं. आणि लेकरांना म्हणे ती माया कधी कळलीच नाही. मला आपली शंका येते. ती मायाच होती कशावरून? दुसरंही काही असू शकतं की. मुलं उपमा झटकन ओळखतात, व्याजोक्तीपाशी मात्र अडतात. खरं कारण झाकून भलतंच पुढे करायचं म्हणजे व्याजोक्ती, एवढं सांगून मी उदाहरण पुस्तकातलंच देते. घरचं देत नाही.

घरचं असं, की मी हिंगोलीला वसतिगृहात राहून शिकत होते तेव्हा माझे वडील, आमचे दादा, शिरड शहापूरहून दर रविवारी यायचे आणि फाटकाशी उभे राहायचे. काहून आलात म्हणावं, तर मोंढ्यात हळदीचा भाव बघायला आलतो, जाता जाता डोकावलो, हे ठरलेलं उत्तर. आता रविवारी मोंढ्याचा बाजार बंद असतो, हे काय मला ठाऊक नव्हतं? मैत्रिणी चिडवायच्या, तुझे सीआयडी आले बघ. माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची. दादांचा माझ्यावर विश्वास नाही, हे मी तेव्हाच ताडलं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी तो सल काही गेला नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर परस्पर गावी गेले. दादा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. विचारून टाकलंच, की मोंढ्याच्या नावाखाली तुमी माझ्यावर नजर ठेवत होता ना? ते शांतपणे व्हय म्हणाले. भावकी त्यांच्या मागे लागली होती म्हणे: पोरगी शहरात एकटी ठेवलीस, हातची जाईल, घरी आण अन् उजवून टाक. म्हणून ते रविवारी मला बघून जायचे आणि गावात सांगायचे, पोरगी नीट शिकून राहिली, म्या डोळ्यानं पाहून आलो. तेवढा आठवडा लोकांची तोंडं बंद राहायची.

माझा संशय एवढ्यानं कुठला विरतो! मी खोचून विचारलं, "अन् एखाद्या रविवारी मी दिसलेच नसते तर? आणलं असतं ना घरी?"

हातातली शेंग सोलत ते म्हणाले, "न्हाई दिसलीस की एकडाव. शेवटच्या गाडीपर्यंत उभा होतो. गावात येऊन सांगितलं, पाहून आलो म्हणून."

तो कोणता रविवार, मी कुठे गेले होते, किती आठवून पाहिलं तरी आता आठवत नाही. दादांनी तेव्हा विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही.