ताईचं रक्त आज पुन्हा घेतलं

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

माझ्या ताईला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. लहानपणापासून कितीदा तरी रक्त चढवलं, त्यातूनच हिपॅटायटिस सीचा विषाणू लिव्हरमध्ये शिरला. औषधांचा पूर्ण कोर्स केला, तरी विषाणू परत आला.

डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्या कोर्समधल्या एका गोळीनं हिमोग्लोबिन घसरतं. हिच्यासाठी ते धोक्याचं आहे. आधी विषाणूची जनुकीय तपासणी करू, मग ठरवू."

तेव्हा बरं वाटलं होतं. पहिल्यांदाच कोणी ताईपुरता विचार करून औषध देणार होतं.

लॅबनं ताईचं रक्त घेऊन नमुना बाहेरगावी पाठवला. आज कामठीहून आम्ही दोघं रिपोर्ट घ्यायला लॅबमध्ये गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "नमुना रस्त्यातच गरम होऊन खराब झाला. परत रक्त द्या."

"मग फोन काहून नाही केला?" मी ओरडलो.

"तुम्ही येणारच होते ना."

ताईची शीर लवकर सापडत नाही. दोन्ही हातांना सुया टोचून झाल्या, तेव्हा कुठे मनगटाजवळ रक्त मिळालं. मी भांडतच होतो.

ताई म्हणाली, "बस कर गा. बोंबलून माझं रक्त वापस येते का? तो माणूस नमुन्याच्या डब्यात बर्फ बराबर भरून राहिला का, तेवढं पाह्य."

मी उभं राहून पाहिलं.

विषाणूची जनुकं वाचून औषध ठरवता येतं, आणि नमुना थंड ठेवता येत नाही? तोवर ताईच्या लिव्हरनं किती थांबायचं? तुमच्यापैकी कोणी ही तपासणी केली असेल, तर नमुना नीट पोचला हे कसं कळलं, तेवढं सांगा.