टोचणीताईंचं घरचं गिऱ्हाईक

ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे टोचणीताई म्हणत, आणि त्याही राग न मानता ओ देत. कामच तसं होतं. त्यांची कंपनी स्वतः ॲप बनवत नसे. ॲप बनवणाऱ्यांना लागणारे तयार भाग बनवी. कुणाला लोकांची सिगारेट सोडवायची असते, कुणाला पोरांना दात घासायला लावायचं असतं. अशांनी इथले भाग घ्यायचे, आपल्या ॲपमध्ये बसवायचे आणि जगाला वळण लावायला मोकळं व्हायचं. त्यातला आठवण करून देणारा भाग ताईंचा. जगाला पाणी प्यायला लावणाऱ्या या बाईंची स्वतःची बाटली मात्र संध्याकाळी भरलेली ती भरलेलीच घरी जायची.

माणूस कटकटीला विटतो, हे ताईंचं ठाम मत. संसारात कमावलेलं. म्हणून त्यांच्या आठवणीला तीन पायऱ्या होत्या. पहिली हाक मोजक्या शब्दांत. ऐकली नाही तर दुसरी जरा गोड. तरीही नाही, तर तिसरी अगदी लाडीगोडीची, आणि मग दिवसभर गप्प. काम केलं की ‘झालं’ हे बटण दाबायचं, म्हणजे पुढच्या हाका बंद. या पायऱ्यांसाठी त्या साहेबांशी हमरीतुमरीवर आल्या होत्या आणि जिंकल्याही होत्या.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. बाबा शिंपी. आई गेल्यापासून दुसऱ्या गावी, दुकानाच्या वरच्या खोलीत एकटे राहायचे. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला आणि स्पष्ट सांगितलं, “रोज सकाळी दाबा. आत्ता टाळाटाळ केलीत तर बोटं आखडतील, मग माझ्याही हातात काही राहणार नाही.” कात्री धरता आली नाही तर बाबांचं काय होईल, हे ताईंना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी एका रविवारी आपलेच भाग जोडून बाबांसाठी ॲप बनवलं. हाकांना स्वतःचा आवाज दिला. पहिली: “बाबा, चेंडू.” दुसरी: “बाबा, दाबताय ना? मी वाट बघतेय.” आणि तिसरी: “बाबा, नीट झोपलात का? आज तुमची फार आठवण येतेय. माझ्यासाठी दाबा हं थोडा.”

ताईंच्या स्क्रीनवर रोज तेच दिसे. तिन्ही हाका शेवटपर्यंत ऐकलेल्या, ‘झालं’ एकदाही नाही. कंटाळलेला माणूस हाक मध्येच बंद करतो. हे तर अक्षर न् अक्षर ऐकत होते. आपल्याच कामात खोट आहे असं धरून ताईंनी सगळा कोड पिंजून काढला. खोट सापडली नाही, तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. रजा टाकून त्या थेट बाबांकडे गेल्या.

सकाळी बाबा खुर्चीत बसले होते. फोन टेबलावर, चेंडू बटणांच्या डब्यात. पहिली हाक आली, बाबा ढिम्म. दुसरी आली, तरी तेच. तिसऱ्या हाकेला त्यांनी डाव्या हाताने फोन उचलला, कानाला लावला आणि डोळे मिटले.

“बाबा, चेंडू का दाबत नाही?” दारातून ताई कडाडल्या.

बाबा दचकले, मग ओशाळले. “अगं, दाबला की ‘झालं’ म्हणावं लागतं. आणि ‘झालं’ म्हटलं की तू गप्प होतेस.”

“मग तिसरी हाक ऐकून झाल्यावर दाबायचा ना!”

“तेव्हा गिऱ्हाईक येतं, कपडे कधी मिळतील विचारायला. राहून जातं.”

ताई रागवायला आल्या होत्या, त्या रडायला बसल्या. ज्या पायऱ्यांसाठी त्या साहेबांशी भांडल्या, त्यांनी बाबांना हातावर हात धरून बसायला शिकवलं होतं. आणि ॲप बनवल्यापासून, आता ते आहे ना, म्हणून त्यांनी स्वतः फोन करणंही कमी केलं होतं.

परतल्यावर त्यांनी साहेबांपुढे चूक कबूल केली आणि तो भाग उलटा केला. आता गोड बोलणं काम झाल्यावर ऐकू यायचं. साहेबांनी उपरोधिक बोलायची संधी सोडली नाही. ताईंनी ते निमूट ऐकून घेतलं. बाबांच्या फोनवरच्या हाका मात्र त्यांनी पार काढून टाकल्या. त्या वेळेला त्या स्वतःच फोन करू लागल्या. बाबा फोन डाव्या हातात धरत, उजव्याने चेंडू दाबत, आणि मधल्या वेळात शेजाऱ्यांच्या चहाड्या सांगत.

काही आठवड्यांनी, बोलणं चालू असतानाच ताईंच्या कॉम्प्युटरवर त्यांच्याच कंपनीचा निरोप झळकला: ‘आपला वापरकर्ता ॲप सोडून गेलेला दिसतो. त्याला परत आणायचं का?’ ताई हसून बाबांना ते सांगणार, तेवढ्यात पलीकडून धाडकन आवाज आला. मग नुसती शांतता.

“बाबा? बाबा, काय झालं?”

खुर्ची सरकली. धापा टाकत बाबा बोलले. “काही नाही गं. फोन पडला. आज उजव्या हातात धरून पाहिला. बराच वेळ राहिला होता.”

ताईंनी कॉम्प्युटरवरचा तो निरोप बंद करून टाकला.

“काच तडकली बहुतेक,” बाबा अपराध्यासारखे म्हणाले.

“तडकू दे,” ताई म्हणाल्या. “परत त्याच हातात धरा. आणि खुशाल पाडा.”