अळणी समुद्र

लाल मुरमाच्या रस्त्याच्या कडेला एक काळी सायकल उलटी करून ठेवलेली आहे… तिच्याशेजारी कैऱ्यांची पिशवी, जुन्या ट्यूबच्या रबरानं बांधलेली पाण्याची कॅन, आणि फ्रॉकपासून पापण्यांपर्यंत लाल झालेली मी. निखळलेली चेन हातात धरून, काळ्याकुट्ट बोटांनी कपाळ पुसत, अख्ख्या सालवनातली पाखरं उडतील अशा आवाजात बाबा सांगताहेत, "बस, समुद्र आलाच!"

समुद्र तिथून एक अख्खं राज्य ओलांडल्यावर लागतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे तेलीबांध्याच्या तलावापाशी रविवारी पहाटे जमणारी सायकलवाली टोळी. जाडजूड टायर, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखी टोपी, अंगाला पेरूच्या सालीइतके घट्ट कपडे. खडी-मुरमावरून मुद्दाम सायकल हाणायची, याला ते ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. ज्या रस्त्यांवर कधीतरी डांबर पडावं म्हणून आमच्या आयांनी देव पाण्यात ठेवले, ते रस्ते ही पोट्टी फोनमध्ये शोधत फिरतात! मी रोज तिथं चालायला जाते, म्हणून एकानं मला गाठलंच. "दीदी, कोई बढ़िया रूट बताइए ना. पुराना जंगल भी हो, और बीच भी हो."

रायपुरात बीच! मी कपाळावर हात मारला. तो मारलेला हात तसाच राहिला… कारण असा रस्ता मला ठाऊक होता.

आमचं शहर राजधानी झालं त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. राज्य नवं, पण खुर्च्या जुन्या, आणि त्याही अपुऱ्या. बाबांच्या कचेरीत एक साहेब जिन्यात बसत, दुसरे त्यांच्या वरच्या पायरीवर; आणि बाबा शपथेवर सांगत की ते स्वतः ज्या स्टुलावर बसतात ते हललं तर सरकार पडेल. सरकार पडू नये म्हणून सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. आणि बाबांनी काय केलं? आमची वेंगुर्ल्याला जायची तिकिटंही रद्द करून टाकली. तिघांची. आईला न विचारता.

आई वेंगुर्ल्याची. लग्न होऊन ती रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात आली तेव्हा तिला सांगितलं होतं की घरासमोरच मोठं पाणी आहे. होतं, पण तो तलाव होता. माहेरी जाणं वर्षानुवर्षं पुढे ढकललं जात होतं आणि त्या वर्षी तिनं माळ्यावरून बॅग काढून, धुऊन, गच्चीत उन्हात वाळत घातली होती. तिकिटांचं कळलं तशी ती गच्चीवर गेली. बॅग पुसली, माळ्यावर टाकली, आणि बाबांशी अबोला धरला.

आता अबोले काय, घरोघरी होतात. पण दोन खोल्यांच्या घरात अबोला झाला की मधे सापडलेल्या मुलाचं टपालखातं होतं, आणि त्या खात्याला रजा नसते.

"चिमे, तुझ्या बाबांना सांग, आमटीत मीठ कमी वाटलं तर बरणी समोर आहे."

"चिमे, तुह्या आईले सांग, आमटी एक नंबर झाली."

दोघांच्या मांड्या एकमेकींना लागतील इतकं अंतर. मी पोळी तोंडात धरून मान डावीउजवीकडे फिरवायची. त्या वैशाखात माझी मान इतकी फिरली की अजूनही ती पावसाळ्यात दुखते. डॉक्टर काहीही म्हणोत.

आणि एके संध्याकाळी बाबांनी घोषणा केली. "चिमे, तुह्या आईले सांग, रविवारी समुद्र पाहाले जाऊन राहिलो आपण. सायकलीनं."

"तुझ्या बाबांना सांग, नकाशा उलटा धरलाय."

बाबांनी समुद्र पाहिलेला नव्हता; लग्नही नागपुरात लागलं होतं. त्यांच्या बापजाद्यांपैकी कुणीच पाहिलेला नव्हता. भोसल्यांच्या काळी नागपुराहून इकडे आले ते पूर्वज घोड्यावरून उतरले आणि जे बसले ते बसलेच. त्यामुळे समुद्र म्हणजे पलीकडचा काठ न दिसणारं पाणी, एवढीच बाबांची व्याख्या होती, आणि तसं पाणी धमतरीपुढे गंगरेलच्या धरणात आहे, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. आई आली, ती समुद्रासाठी नव्हे. मला एकटीला या माणसाच्या हवाली करायचा तिला धीर झाला नाही. शेजारच्या काकूंची लेडीज सायकल तिनं मागून आणली, कैऱ्या चिरून घेतल्या, वर्तमानपत्राच्या कागदात मिठाची पुडी बांधली आणि छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, पहाटेच्या धमतरी गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. सायकली गार्डाच्या डब्यात. ती गाडी इतकी सावकाश जायची की उतरून, शेतातल्या विहिरीवर पाणी पिऊन, पुन्हा त्याच डब्यात चढता येई. मी चढले आहे.

धमतरीहून धरणापर्यंत चांगला रस्ता होता. पण चांगल्या रस्त्यानं जातील ते आमचे बाबा कसले? "इथून शार्टकट आहे," म्हणत त्यांनी सायकल जंगलात घातली… आणि ते जंगल! सालाची सरळ उंच खोडं, शंभर शंभर वर्षांची, एकमेकांचा खांदा न सोडता उभी. खाली सुकल्या पानांचा चुरचुरता गालिचा. सरत्या मोहाचा तो गोड, जडसर, डोकं हलकं करणारा वास. आणि रातकिड्यांचा एकसुरी गजर, जणू सारं वन कढईत तळलं जात होतं. मधून मुरमाची लाल रेघ. तिच्यावरून बाबांची सायकल प्रत्येक वळणावर घसरे आणि दर घसरणीला चेन निखळे. आई मात्र राणीसारखी चालली होती. पदर खोचून, पाठ ताठ, एकही खडा न चुकवता, न अडखळता. माझ्या डोळ्यांत धूळ, दातांत धूळ, आणि ती खोल श्वास घेत होती.

"चिमे, तुह्या आईले विचार, हे कुठं शिकली?"

"तुझ्या बाबांना सांग, आमच्याकडची मातीही अशीच तांबडी आहे."

एवढं मऊ वाक्य महिन्याभरात पहिलंच. मी ते पोचवताना जरा सजवूनही पोचवलं.

ऊन डोक्यावर आलं, तेव्हा विडीसाठी तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसलेली एक म्हातारी भेटली. बाबांनी रुबाबात समुद्राची दिशा विचारली, "दाई, समुंदर कोन कोती हे?"

तिनं आम्हा तिघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "समुंदर तो नइ जानँव बाबू. बाँधा ओ कोती हे." धरण कुठल्या बाजूला ते सांगत तिनं बोट दाखवलं, ते थेट आमच्या पाठीमागे.

आईनं सायकल वळवली. बाबा केवढे लहान झाले, ते मी त्यांच्या मागच्या कॅरिअरवरून पाहिलं. परतीच्या त्या वाटेवर ते मान खाली घालून पेडल मारत राहिले. त्यांच्या शर्टाची पाठ घामानं भिजून काळी झाली होती आणि मला पहिल्यांदाच वाटून गेलं, की आता पुढे पाणी नसलंच तर…?

झाडी संपली आणि पाणी आलं. निळंशार, वाऱ्यानं सुरकुतलेलं, पलीकडच्या टेकड्या उन्हाच्या धुरकटात विरघळलेल्या… दिसतच नव्हत्या म्हणा ना. बाबा पाण्याकडे बघतच नव्हते. ते आईच्या तोंडाकडे बघत होते, निकालाच्या दिवशी मुलं फळ्याकडे बघतात तसे.

आईनं चपला काढल्या. घोटाभर पाण्यात गेली. ओंजळ भरली, जिभेला लावली. आणि वळून, माझ्याकडे नव्हे, सरळ बाबांकडे पाहत म्हणाली, "अळणी आहे."

टपालखातं त्या क्षणी बंद झालं.

बाबांनी पिशवीत हात घातला. मिठाची पुडी काढली, बूट-मोज्यांसकट पाण्यात शिरले आणि आख्खी पुडी तिच्या पायांपाशी रिकामी केली. "आता चाख."

आई हसली नाही. तिनं पायांपाशी विरघळणाऱ्या मिठाकडे पाहिलं. "मला विचारलं असतंत ना," ती म्हणाली, "तर मीच म्हटलं असतं, तुमचं नवं राज्य आहे, जाऊ पुढच्या वर्षी. विचारलं नाहीत."

बाबा बुटांसकट पाण्यात उभे. रिकाम्या पुडीचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "आता विचारतो. घरी जायचं?"

"थांबा थोडं."

आम्ही थांबलो. कैऱ्या मिठावाचून खाल्ल्या. इतक्या आंबट, की माझे दात संध्याकाळच्या गाडीतही एकमेकांशी बोलेनात.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. बाबांनी समुद्राचा चांगला घोटभर नमुना घेतला, थू थू करत बाहेर आले आणि किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "अवं, तुह्या माहेरी मिठाचा हात लय भारी आहे!"

आता बाबा नाहीत. छोटी लाइनही राहिली नाही. मुरमाच्या कितीतरी वाटांवर डांबर आलं, आणि डांबर आल्यावर लोकांना मुरूम आठवू लागला, याला काय म्हणावं! त्या घट्ट कपड्यांच्या टोळीला मी रस्ता सांगितला. सांगून समजेना, म्हणून स्वतः घेऊन गेले. त्यांच्या फोनला जंगलात रेंज नव्हती, त्यामुळे माझ्या थापा खपल्या. धरणावर ती पोरं फोटो काढत होती, तेव्हा मी काठाशी बसून कागदाची पुडी उघडली आणि पाण्यात रिकामी केली.

"मन्नत है क्या, दीदी?" एकानं विचारलं.

"हव," मी मान डोलावली.

घरी आले तेव्हा आई बाल्कनीत तलावाकडे तोंड करून बसली होती. हल्ली तिचे गुडघे धरतात. माझ्या बाहीवरची लाल धूळ तिनं बोटावर घेऊन पाहिली.

"टाकलंस?"

"टाकलं."

"किती?"

"पुडीभर."

"अंदाजानं टाकत जा गं. ह्यांचा हात सैल होता." मग तलावाकडेच बघत ती म्हणाली, "आणि पुढच्या वेळी जाताना मला विचार."

"काय विचारू?"

"येतेस का, म्हणून."