टाकीतला श्वास

भिकुबाईचं तोंड गावात प्रसिद्ध होतं. गिरणेकाठच्या त्या गावात नळावर भांडण लागलं की बायका आधी भिकुबाई आलीय का ते बघत आणि मग आवाज किती चढवायचा ते ठरवत. नवऱ्याशी, म्हणजे झुलालशी, तर तिचं एक दिवस पटलं नाही. झुलाल भडगाव-चाळीसगाव रस्त्यावर प्रवाशांची व्हॅन चालवायचा. त्याच्या अंगाला कायम पेट्रोलचा वास, अगदी अंघोळीनंतरही. आणि त्या माणसाला तो वास आवडायचा, हे आणखी विशेष. टाकीचं झाकण उघडलं की बायकांनी गजरा हुंगावा तसा तो नाक पुढे करायचा. “सरनवर तुमले घासलेट लागनार नही,” असं भिकुबाई तोंडावर म्हणायची. त्यावर तो दम्याचा एक लांब श्वास आत ओढायचा आणि हसायचा. बोलायच्या आधी असा श्वास ओढायची त्याची सवयच होती.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी, गाडी माणसांनी भरलेली असताना, झुलालच्या छातीत कळ आली. त्याने गाडी मोठ्या चिंचेखाली घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मागच्या बायकांना वाटलं, भाऊ डुलकी घेतोय.

माणूस गेला की त्याच्या जागेवर दिवा लावायचा, भोवती पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची आणि पिठात कोणाची पावलं उमटतात ते सकाळी बघायचं, ही तिकडची जुनी रीत. ज्याची पावलं, त्याच्या जन्माला माणूस गेला. दहाव्याच्या सकाळी भावकीतल्या चिंधाआबांनी टोपली उचलली आणि बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. पिठावर सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके होते. ते दिव्याला एक वेढा घालून दाराकडे गेले होते. दाराबाहेर गोठा होता आणि गोठ्यात गाडी उभी होती.

“कोळी शे,” आबा म्हणाले.

भिकुबाईने दाराकडे गेलेल्या त्या ठिपक्यांवर कोणाला पाय ठेवू दिला नाही.

त्या दिवसापासून घरात जाळं काढायची बंदी झाली. सून दीपमाला टापटिपीची. तिने एकदा केरसुणी वर नेली, तर भिकुबाईने ती हातातून हिसकावून घेतली. हळूहळू घराचे कोपरे पांढरे झाले. देवळीतल्या समईपासून आढ्यापर्यंत धागे लोंबू लागले. दीपमालेला दिवस गेलेले होते. दुपारी एकटी पडली की ती डोक्यावर पदर घेऊन झोपायची, वरून कोणी बघतंय असं तिला वाटायचं. हे ती कोणाला सांगायची नाही, कारण सांगणार कोणाला? सासूला?

संक्रांत झाल्यावर झुलालचा मुलगा नवल याने गोठ्यातली गाडी बाहेर काढून धंदा सुरू केला. पहिल्याच खेपेला गाडी आचके देत चिंचेखाली बंद पडली. इंजिन गरम नाही, पेट्रोल भरपूर. वैतागून नवलने टाकीचं झाकण फिरवलं, आणि टाकीने श्वास घेतला. लांब, घोगरा, आत ओढलेला श्वास. झुलाल बोलायच्या आधी घ्यायचा तसाच. प्रवासी एकमेकांकडे बघू लागले. नवलने झाकण लावलं, चावी फिरवली, तर गाडी सुरू.

येताना पुन्हा तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. खरं सांगायचं तर गाडी कधी दोन शेतं अलीकडे थांबायची, कधी मोरीच्या पलीकडे. पण लोकांच्या लक्षात चिंचच राहायची. चिंच लक्षात राहण्यासारखीच होती म्हणा. भर दुपारीही तिच्याखाली पाखरू बसत नसे.

भिकुबाईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती रडली नाही की घाबरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं बदलून ती गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. गाडी थांबली. नवलने झाकण उघडलं. तो श्वास आला आणि भिकुबाई हळूच म्हणाली, “उनात का, नवलना बाप?” घरी आलेल्या नवऱ्याला ‘आलात का’ विचारावं तसं.

मग हे रोजचंच झालं. चाळीसगावला काम नसलं तरी ती जायची. चिंचेखाली गाडी थांबली की खाली उतरून टाकीपाशी उभी राहायची आणि गुणगुणल्यासारखं बोलायची. गाय व्याली, दीपमाला आता जड झाली, नळावर कोण काय म्हणालं. आयुष्यभर ज्याच्याशी धड दोन वाक्यं गोड बोलली नाही, त्याच्याशी ती आता गोड बोलत होती. सुख झालं होतं तिला, दुसरा शब्द नाही.

इकडे नवलचा धंदा बसत चालला. झुलालच्या गाडीत झुलाल बसलेला असतो म्हटल्यावर कोण बसणार? त्याने लिंबू-मिरची बांधली, काळी बाहुली बांधली, भगताकडून अंगारा आणला. शेवटी भडगावच्या तोताराम मिस्त्रीकडे गाडी नेली. भिकुबाई सोबत होतीच.

तोताराम गाडीखाली शिरला आणि थोड्या वेळाने टाकीची एक बारीक नळी हातात घेऊन बाहेर आला. नळीच्या तोंडात कापसाच्या बोळ्यासारखं घट्ट जाळं होतं.

“अक्का, हाई देखा. बठ्ठी नळी बुजी गयी,” तो म्हणाला. मग त्याने समजावलं. टाकीतलं पेट्रोल जितकं सरतं तितकी हवा या नळीने आत यावी लागते. नळी बुजली की इंजिन ओढून ओढून थकतं, गाडी बंद. झाकण उघडलं की हवा आत घुसते, आवाज त्याचा. “ह्या किडास्ले पेट्रोलना वासनं भारी याड शे.”

त्याने नळी फरशीवर झटकली. जाळ्याबरोबर पिवळट रंगाचा एक कोळी खाली पडला.

पेट्रोलच्या वासाचं वेड. भिकुबाईला बाकीचं काही ऐकूच आलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेली नव्हती. तोताराम वळताच तिने पदर खाली सोडला आणि कोळी त्यात घेतला. तो पळाला नाही. पाय आवळून पदरात बसून राहिला.

त्या संध्याकाळी गाडी चिंचेवरून सरळ निघून गेली. नवल खुशीत शीळ घालत होता. भिकुबाईने मागे वळून बघितलं. रस्ता रिकामा, चिंच रिकामी. झुलाल गेला त्या दिवशी झालं नव्हतं तेवढं दुःख तिला त्या क्षणी झालं. घरी आल्यावर ती गाडीमागे वाकली आणि तिने पदर मोकळा केला. कोळी तिच्या बोटावरून उतरला, माणूस आपल्या घरात शिरावा तसा टाकीकडे गेला आणि नळीत दिसेनासा झाला.

आठवड्याने गाडी पुन्हा चिंचेखाली थांबली. नळी तर साफ केली होती! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी त्याची गत. कळसा त्याच्या शेजारच्या सीटवर बसून हसत होता.

दीपमालेने मात्र धीर करून सासूला सांगितलं, “आत्याबाई, बाळंतपनले माले त्या गाडीमा बसाडू नका. चिंचजोडे थांबनी ते काय करसूत?”

“काही थांबाय नही,” भिकुबाई म्हणाली, पण सुनेच्या नजरेला नजर तिने दिली नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. ऊन असं की दुपारी गावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. त्या दुपारी दीपमालेला कळा सुरू झाल्या, आणि कळांबरोबर रक्तही जाऊ लागलं. सुईण बघून म्हणाली, चाळीसगावला न्या, उशीर करू नका. ॲम्ब्युलन्स लांब होती. गावातल्या बाकीच्या गाड्या लग्नाला गेलेल्या. नवल चावी आणायला आत धावला. दीपमाला उंबऱ्याशी बसली होती आणि गाडीकडे बघत होती. ओठ पांढरे पडले होते, पण तिने नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्याइतकं बळच तिच्यात नव्हतं.

भिकुबाई गाडीमागे मातीत आडवी झाली. तिने नळी ओढली, काडीने जाळं काढलं. कोळी बाहेर आला आणि तिच्या तळहातावर बसला. तिने त्याला गोठ्याच्या भिंतीवर ठेवलं. तो वळला आणि पुन्हा गाडीकडे चालू लागला. तिने उचलून लांब, कडब्यावर नेऊन ठेवलं. कडब्यावरून उतरून तो पुन्हा त्याच वाटेने, त्याच चालीने गाडीकडे येऊ लागला. पिठावर उमटली होती तशीच त्याची पावलं धुळीत बारीक उमटत होती.

उंबऱ्याकडून दीपमालेची किंकाळी आली.

“जा आते, नवलना बाप,” भिकुबाई म्हणाली. “लेकरूले वाट द्या.” आणि तिने उजवा तळहात त्याच्यावर टेकवला आणि दाबला. बराच वेळ दाबून ठेवला आणि मूठ मिटूनच ती उठली.

गाडी चाळीसगावच्या रस्त्याला लागली. दीपमालेचं डोकं भिकुबाईच्या मांडीवर होतं. चिंच दिसू लागली तशी दीपमालेने डोळे मिटले, नवल कुलदेवीचं नाव घेऊ लागला. चिंच जवळ आली, सावली गाडीवर चढली, आणि तिथेच तो श्वास ऐकू आला. लांब, घोगरा, आत ओढलेला. नवलने दचकून मागे बघितलं. श्वास त्याच्या आईने घेतला होता.

गाडी थांबली नाही. संध्याकाळी दीपमालेला मुलगी झाली, दोघी वाचल्या. डॉक्टरीण म्हणाली, आणखी अर्धा तास गेला असता तर माझ्या हातात काही नव्हतं.

बाळाला घेऊन परत येताना चिंच आली तसा नवलचा पाय सवयीनेच ब्रेकवर गेला. गाडी मंदावली.

“माय, थांबू का?”

भिकुबाईच्या मांडीवर नात झोपली होती. तिने चिंचेकडे बघितलं नाही. उजवी मूठ मात्र तिने त्या दुपारसारखीच मिटून घेतली होती.

“कसाले?” ती म्हणाली. “तुना बाप उतरी गया.”