कुसुमचे तरंगे

कुसुम मेश्राम सिलतऱ्याच्या रस्त्यावर ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायची. समुद्र तिनं टीव्हीवरच काय तो पाहिलेला. त्यामुळे भाची रीना विशाखापट्टणमच्या समुद्र-संशोधनाच्या नोकरीतून कागदावर आकृती घेऊन आली, तेव्हा तिला वाटलं, पोट्टी पतंग करून राहिली.

"मावशी, हा तरंगा. मधात दांडा, चार बाजूंनी कापडाची पाखं, वर तरंगायले फुगे अन् जीपीएस. पाणी नेईल तिकडं हा जाईल. समुद्रात कोणी पडलं, तर वाहत कुठं गेलं असेल ते यावरून समजते."

कुसुमनं चार दिवसांत एक शिवला. रविवारी सकाळी दोघी तेलीबांध्याच्या तलावावर गेल्या. नाववाल्या नत्थूनं तरंगा मध्यावर सोडला. कुसुमनं गळ्यापर्यंत पाणी भरलेली एक बाटलीही त्याला सोबत टाकायला लावली.

"ही काहून?" रीनानं विचारलं.

"पडलेला माणूस असाच राहते ना? मुंडकं वर, बाकी पाण्यात."

थोड्याच वेळात तरंगा पार काठाला लागला. बाटली मधातच रेंगाळत होती.

"इसको तो हवा ले गई, मावशी," रीना हिरमुसून म्हणाली.

"हव. फुगे मोठे झाले, वर निंघून राहिले. वारा त्यायलेच धरते."

आठवडाभरात कुसुमनं फुगे लहान केले, पाखं खाली घेतली अन् ताडपत्रीच्या काठात दोर घालतात तशा पाखांच्या काठात बांबूच्या कामट्या शिवल्या. पुढच्या रविवारी तरंगा अन् बाटली जोडीनं फिरले.

मग दहा तरंगे विशाखापट्टणमला गेले. तिथं त्यांच्यासोबत लाइफ जॅकेट घातलेला एक पुतळाही समुद्रात सोडला. तिसऱ्या दिवशी रीनाचा फोन आला. तरंग्यांवरून जिथला हिशेब लागला होता, त्या जागेजवळच पुतळा सापडला होता.

कुसुमनं मशीन थांबवली. डोळे पुसले.

"पण मावशी, आठ नंबरचा काल डांबरी रस्त्यानं चालला होता."

एका कोळ्यानं तो जाळ्यासकट घरी नेला होता. रीना शोधत पोचली, तर अंगणात पाखं टांगलेली अन् खाली सावलीत त्याची आई भाजी निवडत बसलेली.

"शिवण उसवली का?" कुसुमनं विचारलं.

"नाही. त्या आजी द्यायलाच तयार नव्हत्या."

कुसुम पोट धरून हसली. पुढच्या खेपेला प्रत्येक पाखावर तेलुगूत मजकूर टाकायचा ठरलं: हे पाण्यातच राहू द्या. रीनानं अक्षरं लिहून पाठवली. कुसुमला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. तिनं लाल दोऱ्यानं ती जशीच्या तशी गिरवली, फोटो पाठवला अन् खाली विचारलं, "उलटी तर नाही ना झाली?"